बावन्न सेकंद

४ फेब्रुवारी, बुधवार

बावन्न सेकंद! एका ग्लासला बावन्न सेकंद! भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजले. तीनदा मोजले, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. फ्रिजच्या दारात ती खोबण, तिच्यात ग्लास धरायचा, ग्लासनेच मागची दांडी दाबायची — आणि मग उभं राहायचं. पुतळ्यासारखं. धार कसली, सुतळी नुसती.

आणि बावन्न सेकंद हात असा पुढे धरून ठेवला तर तो थरथरणार नाही का? कुणाचाही थरथरेल. पैलवानाचा थरथरेल! आज पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, बाही भिजली, फरशीवर थारोळं झालं ते वेगळंच.

नवा होता तेव्हा दहा सेकंदांत ग्लास भरायचा. मला पक्कं आठवतंय. लेकीने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला हा फ्रिज पाठवला आणि पहिल्या दिवशी मी हौसेने सहा ग्लास भरून टेबलावर मांडले होते. सहा ग्लास एका मिनिटात.

हे टेबलाशी भाजी चिरत होते. (हल्ली भाजी हेच चिरतात. माझी जाड होते म्हणे. चाळीस वर्षं खाल्ली तेव्हा जाड लागली नाही!) मी म्हटलं, "अहो, बावन्न!" तर मान वर न करता म्हणतात, "येतंय ना पाणी? मग?" आणि जरा वेळाने, "फिल्टर असेल."

फिल्टर असेल! पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. अख्ख्या गावाला कुठे किती दाबाने पाणी जातं ते यांना पाठ. आणि स्वतःच्या बायकोला ग्लासभर पाणी मिळत नाही, तर — फिल्टर असेल.

(वरच्या दोन ओळी वाकड्या आल्या. हे निळं पेनच भिकार आहे.)

५ फेब्रुवारी, गुरुवार

फ्रिजच्या कंपनीला फोन. वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक गोड गळा आला. "मॅडम, प्लग काढून पाच मिनिटं थांबा आणि परत लावा." मी म्हटलं, बाई, दिवा गेलेला नाही, पाणी हळू येतंय. "हो मॅडम, तरी काढून बघा."

काढला. लावला. बावन्न.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून प्रशस्तिपत्रकांचा गठ्ठा आला. एकशे चाळीस. वीस तारखेपर्यंत हवीत.

एकतीस वर्षं त्या शाळेत चित्रकला शिकवली आणि एकतीस वर्षं बक्षीस समारंभाची प्रशस्तिपत्रकं मीच लिहिली. निवृत्त झाले तरी माझ्याकडेच येतात. टाक आणि शाई. नाव लिहून झालं की वरची शिरोरेषा एका दमात, फूटपट्टी न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती रेघ बघायला मुलं टेबलाभोवती गर्दी करायची. मुलांचे आईबाप ही पत्रकं चौकटीत लावतात. काही घरांत मी स्वतः बघितलीयेत.

गठ्ठ्यासोबत मुख्याध्यापिकेचा फोन. माझीच विद्यार्थिनी, आता मोठ्या खुर्चीत बसते. "बाई, यंदा हवं तर कम्प्युटरवर छापून घेऊ का? तुम्हाला उगाच त्रास." मी म्हटलं, त्रास झाला तर मी सांगेन, तू सांगू नकोस. "नाही, गेल्या खेपेला काही रेघा जरा..." म्हणाली. जरा काय? जरा काय ते बोल ना! "काही नाही बाई. यंदाची बघू आणि मग पुढच्या वर्षीचं ठरवू."

म्हणजे माझी परीक्षा! जिला मी ब्रश धरायला शिकवलं तिने माझी परीक्षा घ्यायची!

बसले लगेच. पहिल्याच नावाला रेघ मध्येच हलली. टाकाचं निब बदललं. दुसरीलाही हलली. कागद बघितला — गुळगुळीत, मेणचट, शाईला धरून ठेवत नाही. पूर्वीचा कागद कसला होता! घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला उठले तर पुन्हा ते बावन्न सेकंदांचं व्रत. परत येऊन टाक हातात घेतला तर हात कसा असणार? भरल्या ग्लासचं वजन पेलून आलेला! सगळ्याचं मूळ तो फ्रिज आहे. तो आधी सरळ केला पाहिजे.

७ फेब्रुवारी, शनिवार

यांनी चहा दिला. अर्धा कप. गेले काही महिने अर्धाच. म्हटलं, साखर वाचवताय की दूध? "थंड होतो, पुन्हा घे." पुन्हा घेतला. पुन्हा अर्धाच!

नवीन फिल्टर मागवला.

८ फेब्रुवारी, रविवार

फिल्टर आला. मांडीवर पुस्तिका ठेवून मीच बसवला. जुना फिरवून काढायचा, नवा खटका वाजेपर्यंत फिरवायचा. हे मागे उभे. "मी करू?" नको म्हटलं. हा फिल्टर तुम्ही सुचवला, आता बघा.

पुस्तिकेत लिहिलंय, नव्या फिल्टरमधून पहिलं दहा-बारा लिटर पाणी काढून टाकावं. बावन्न सेकंदांच्या हिशेबाने दहा लिटर! दुपारी दोनला सुरुवात केली. शेवटी एक उंच बरणी खोबणीत तिरकी अडकवली आणि खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसले. समोरच्या वहिनी दूध मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय हो, फ्रिजशी बोलता काय?" म्हटलं, बोलतेय, ऐकत नाहीये.

साडेतीनला मोजलं. एक्कावन्न. एक सेकंद! एका सेकंदासाठी माझा अख्खा रविवार!

९ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा मोजलं. बावन्न. तो एक सेकंदही परत घेतला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं: फिल्टर काढून त्या जागी नुसतं बूच बसवलं तरी पाणी येतं. तेव्हा जर वेगाने आलं तर दोष फिल्टरचा. मला हे आवडलं. एकेकाला बाजूला काढायचं आणि विचारायचं, तू केलंस का? वर्गात मी हेच करायचे.

फिल्टर काढला, बूच लावलं. बावन्न!

धावत यांच्याकडे गेले. "फिल्टर निर्दोष आहे." तर हे पेपर खाली करून म्हणतात, "मग नवा फिल्टरही खराब निघाला असेल." अहो, फिल्टर नाहीच आहे! नसलेला फिल्टर खराब कसा निघेल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पेपर पुन्हा वर. पेपरामागे हसत होते की काय कोण जाणे. हसले असतील तर परिणाम चांगला होणार नाही.

प्रशस्तिपत्रकं बेचाळीस झाली. नऊ फाडली.

११ फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिक आला. पायात बूट तसेच. फ्रिजचं दार उघडलं, आत हात घातला, हात बाहेर काढला. "दारातली नळी गोठलीये. एक दिवस बंद ठेवा, बर्फ वितळेल." मी विचारलं, गोठली असती तर पाणी बंदच झालं असतं ना? नळी अर्धी कशी गोठेल? मग म्हणाला, "तुम्ही भरून दाखवा बघू."

दाखवलं. तो शेजारी वाकून बघत होता. आणि म्हणतो कसा — "आजी, तुमचा हात हलतोय. दांडी नीट दाबली जात नाही, म्हणून पाणी हळू येतं."

आजी! हात हलतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या हातात ग्लास दिला आणि घड्याळाखाली उभं केलं. दाब! दाब तुझ्या तरण्या हाताने! दाबला बिचाऱ्याने. तीस झाले, चाळीस झाले, त्याचा चेहरा पडत गेला. बावन्न! मी टाळी वाजवली. म्हटलं, आता बोल, कुणाचा हात हलतो?

मग जरा नरमला. म्हणाला, "फ्रिज पुढे ओढून मागची लाइन बघायला लागेल." मागे भिंतीत एक छोटा व्हॉल्व्ह आहे, त्यातून बोटाएवढी नळी फ्रिजला जाते. ती यांनीच बसवलेली. मी म्हटलं ओढ. इतक्यात हे आतून लगबगीने आले. एरवी हाका मारल्या तरी येत नाहीत! "मागचं मी बघतो. मागचं पाणी माझं खातं." मेकॅनिकच्या हातात चहा दिला — त्याला पूर्ण कप! — आणि खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत पोचवलं. जिन्यात दोघं बराच वेळ कुजबुजत होते.

मी विचारलं, मग बघितलात का व्हॉल्व्ह? "जिथे असायला हवा तिथेच आहे," म्हणाले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तरी फ्रिज चोवीस तास बंद ठेवला. कुणी म्हणायला नको, हिने सांगितलेलं केलं नाही. दूध, कालची भाजी समोरच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये. दही तिथे मावलं नाही. खाली टॉवेल अंथरले. संध्याकाळी चालू केला.

बावन्न. दही आंबट झालं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आता राहिला घरातला दाब. ही परीक्षा मला यांनीच शिकवलेली, लग्नानंतर पहिल्या वर्षी: बादली नळाखाली ठेवायची, नळ पूर्ण सोडायचा, घड्याळ बघायचं. तेव्हा हे रात्रपाळी करून आले की चहा पिता पिता व्हॉल्व्हच्या गोष्टी सांगायचे. कुठला किती फेऱ्यांचा, कुठला अडतो. मला भारी वाटायचं.

खात्याचा एक नियम यांनी घरात आणला तो मात्र गळ्याशी आला: जो व्हॉल्व्ह फिरवेल त्याने चिठ्ठी बांधायची. तारीख, किती फेरे, कारण, सही. म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळावं, कुणी काय केलं आणि का. आमच्या घरात मोरीच्या नळाला चिठ्ठी, टाकीला चिठ्ठी, गॅसच्या शेगडीला चिठ्ठी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने बांधलेल्या. पुढची पाळी कुठली? निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पुढची पाळी मीच! पाहुणे हसतात. मी त्या वाचायच्या कधीच सोडल्या.

असो. बादली भराभर भरली. दाबाला काही धाड भरलेली नाही.

म्हणजे फिल्टर नाही, बर्फ नाही, दाब नाही, माझा हात नाही. मग राहिलं काय? फ्रिजच्या मागे जे आहे ते. आणि तिथे "मी बघतो" म्हणून हे बसलेत मूग गिळून.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखी मनःस्थिती नव्हती.

काल मुख्याध्यापिका स्वतः आली. शुक्रवारी पाठवलेली पहिली साठ पत्रकं घेऊन. त्यातली चौदा वेगळी काढलेली, त्यांना पिवळी क्लिप. टेबलावर ठेवली आणि पदराशी चाळा करत बसली. "बाई, रागावू नका. ही चौदा... पुन्हा होतील का?" मी बघितली. शिरोरेषा. कुठे लाट, कुठे गाठ, एक तर नावाच्या मध्येच वर उडालेली. म्हटलं, कागद कसला पाठवलाय तुम्ही! "कागद तोच आहे बाई. दरवर्षीचाच." मी म्हटलं तोच नाही. जाताना तिने माझा हात हातात घेतला, उजवा, आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. मी काढून घेतला. मला असले लाड चालत नाहीत.

तिला पाणी विचारलं. ग्लास घेऊन उभी राहिले ती राहिलेच! पाहुणीसमोर! ती दारात उभी राहून बघतेय, मी पाठमोरी, ग्लास त्या दांडीवर टकटक वाजतोय, पाणी सुतळीसारखं. शेवटी यांनीच येऊन ग्लास घेतला. लाज, लाज आणली त्या फ्रिजने.

आज लेकीचा फोन. तिला सगळी बातमी आधीच पोचलेली! "आई, एकदा डॉक्टरांना हात दाखव ना. नुसतं दाखवायला काय जातंय?" म्हटलं, दाखवायचा तो फ्रिज दाखवायचाय, हात नाही. हातात काय आहे बघण्यासारखं? "बाबा म्हणत होते—" बाबा काय म्हणत होते? तर म्हणाली, "फोन दे त्यांना." फोन यांच्या हातात दिला. हे बाहेर जाऊन बोलले. दार लोटून!

माझ्याच घरात माझ्याविषयी खलबतं. कमाल आहे.

एकच सांगून ठेवते या पानाला: ही पत्रकं जर छापायला गेली तर मी करायचं काय? भाजी हे चिरतात. चहा हे करतात. माझ्याकडे एक रेघ उरली आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

यांच्याशी अबोला. सकाळी टेबलावर एक पेन ठेवलेलं — जाडजूड, लोखंडी, हातात रूळ धरल्यासारखं. "याने लिहून बघ, बरं पडेल." नको असलं पेन! रूळ तर मी मुलांना दाखवायचे.

(हे त्या पेनानेच लिहितेय. निळं संपलं. बरं चालतंय, पण सांगणार नाही.)

पत्रकं एकशे सहा. त्यात परत आलेल्या चौदापैकी पाच जमली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! सापडलं! आणि चोर घरातला निघाला!

हे दहा वाजता दाताच्या डॉक्टरकडे गेले. मी समोरच्या वहिनींना हाक मारली. त्या एका बाजूला, मी एका बाजूला. फ्रिजला खाली चाकं आहेत हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं! भस्सकन पुढे आला. मागे कोळिष्टकं, एक चमचा, दोन वर्षांपूर्वी हरवलेलं माझं खोडरबर. आणि भिंतीत तो छोटा व्हॉल्व्ह. आणि व्हॉल्व्हला — चिठ्ठी! सुतळीने बांधलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नियमाप्रमाणे!

म्हणजे फिरवलाय. म्हणजे यांनीच फिरवलाय! "जिथे असायला हवा तिथेच आहे"! आणि मी दोन आठवडे गोड गळ्याशी भांडतेय, दही आंबवतेय, त्या मेकॅनिककडून आजी म्हणवून घेतेय!

चिठ्ठी तोडली आणि गाउनच्या खिशात टाकली, पुरावा म्हणून. वाचायची काय? चष्मा टेबलावर होता, आणि त्यात असतं काय — तारीख, फेरे, सही. व्हॉल्व्ह धरला आणि उघडला. मोजत उघडला, या माणसाच्या संगतीत ती सवय लागलीच आहे. एक. दोन. अडीच. अडीच फेरे बंद होता! वहिनींनी ग्लास धरला. नऊ सेकंद! नऊ! धार अशी सणसणीत की ग्लासात फेस आला. आम्ही दोघी पोरींसारख्या हसलो. फ्रिज मागे ढकलून त्या गेल्या.

मग मी माझ्यासाठी भरला. जोरात आलं. हात दांडीवरून सटकला, पुन्हा लावला, पाणी उसळून बोटांवर, छातीवर. म्हटलं, सवय मोडलीये, होईल. काठोकाठ भरला आणि मिरवत टेबलाशी नेला. आता लिहिते, म्हटलं. आता दाखवते एकेकाला.

टेबलावर ठेवताना ग्लास निसटला नाही. पडला नाही. नुसता हलला. इकडून तिकडे, इकडून तिकडे, मी थांब म्हणतेय आणि तो थांबत नाही. सगळं पाणी पत्रकांवर. वरची तेवीस. वाळलेली, झालेली, चांगली आलेली तेवीस. शाई पळाली. नावं बघता बघता निळी डबकी झाली.

हे आले तेव्हा मी तशीच उभी होते. यांनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा फ्रिजकडे, आणि फडकं आणायला गेले. मी जी सुरू झाले! तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही बंद केलात! तोंडावर खोटं बोललात! मी काय तुमच्या खात्यातली लाइन आहे, वाटेल तेव्हा बंद करायला? बायकोचं पाणी तोडणारा माणूस पाहिला नाही मी! यांनी फरशी पुसली. पत्रकं एकेक उचलून खिडकीत वाळत घातली, दोन बोटांत, कोपऱ्याला धरून.

मग विचारलं, "चिठ्ठी वाचलीस?"

म्हटलं, काय वाचायचंय त्यात? तारीख, फेरे आणि सही!

"कारण पण असतं," म्हणाले, आणि फडकं पिळायला मोरीत गेले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चष्मा लावून वाचली. इथे उतरवून ठेवते.

"१७ नोव्हेंबर. अडीच फेरे बंद. कारण: हिचा उजवा हात कापतो. धार जोरात आली की पाणी सांडतं, मग ती स्वतःवरच चिडते. हळू आलं की निभावतं. विचारल्यास फिल्टर सांगणे." खाली सही.

नोव्हेंबर.

यांना म्हटलं, ओढा फ्रिज. अडीच फेरे परत बंद केला. मोजून, मीच. नवी चिठ्ठी लिहिली, कारण तेच ठेवलं, शेवटची ओळ गाळली. सही माझी.

शाळेत फोन केला, छापून घ्या म्हटलं. ती म्हणाली, "का हो बाई?" कागद वाईट आहे असं सांगणार होते. हात कापतो म्हटलं. लेकीने डॉक्टरांची उद्या अकराची वेळ घेतलीये, हे येणार आहेत सोबत.

चहा अर्धा कप आला. प्यायले.

हे पान सगळं वाकडं आलंय. पेन चांगलं आहे.